सातवा मरतो

वाद्यदुरुस्तीच्या त्या दुकानात दर शनिवारी दुपारी शहरातले बासवाले जमत. बास गिटार वाजवणाऱ्याला जमायला दुसरी जागा नसते. गायकाला चाहते असतात, गिटारवाल्याला निदान केस असतात. बासवाल्याकडे लोकांचं लक्ष जातं ते तो वाजवायचा थांबला तर. म्हणून हे पाच-सहा जण दुरुस्तीवाल्याच्या बाकावर बसत, त्याचाच चहा पीत आणि एकमेकांना महत्त्व देत.

त्या महिन्यात विषय एकच होता : घुबड.

घुबड म्हणजे एका कारागिराने एकट्याने बनवलेला बास. वर्षाला बारा-तेरा नग, नाव नोंदवल्यावर दोन वर्षांनी हातात. खुंट्या असतात त्या टोकाला, म्हणजे बासच्या डोक्यावर, शिंपल्याचं इवलंसं घुबड बसवलेलं. कारागिराने बासला नाव भलतंच दिलं होतं, पण ते कुणी घेत नसे.

"पैसे लाकडाचे नाहीत, घुबडाचे आहेत," लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारा म्हणाला. त्याने घुबड फक्त फोटोत पाहिलं होतं.

"मी एकदा हातात घेतलाय," नाटकवाला म्हणाला. हा नाटकांच्या ऑर्केस्ट्रात बसायचा. "वजन नाहीच. पण आवाज फार स्वच्छ रे. इस्त्रीच्या शर्टासारखा. बासला जरा घाम यायला हवा."

"आपल्याला न परवडणाऱ्या बासला घाम येतच नसतो," दुरुस्तीवाला एका वायरला डाग देता देता म्हणाला. "कोल्ह्याला द्राक्षं आंबट."

सगळे हसले आणि सवयीने कोपऱ्याकडे वळले. कोपऱ्यात कानसेन बसला होता.

तानसेन होता आलं नाही तर कानसेन व्हावं, असं म्हणतात. हा वाजवायचाही उत्तम, बावीस वर्षं स्टुडिओत वाजवत होता, पण नाव पडलं ते कानावरून. परक्याचा बास मांडीवर घेऊन चार तारा छेडल्या की कुठला स्क्रू सैल आहे ते सांगायचा. त्याने ऐकल्याशिवाय त्या दुकानात कुणी साधी तारही घेत नसे. त्याचा स्वतःचा बास एकच, तोही दुसऱ्याने वापरून टाकलेला. त्याच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, दुरुस्तीवाल्याने तीनदा घासले होते. "आता घासायला काही उरलं नाही," तो म्हणायचा, "पुढच्या वेळी तुझी बोटं घासतो."

"काय कानसेन? घुबडाचं काय?"

"ऐकलं नाही. ऐकल्याशिवाय बोलत नाही."

हे खरं होतं. पण घुबड दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी येणार आहे, हे मात्र त्याने सांगितलं नाही. घुबड त्याच्या साडूने घेतलं होतं.

साडू दातांचा डॉक्टर. महिन्यातून दोन रविवार डॉक्टर मंडळींच्या बँडमध्ये बास वाजवायचा. वाजवायचा म्हणजे चुकत नसे, इतकंच. पंधरा वर्षांपूर्वी त्याला पहिले सूर दाखवले ते कानसेननेच, लग्न ठरलं त्या महिन्यात, धाकट्या मेहुणीच्या आग्रहावरून. तेव्हा पोराचा हात खुर्चीचा हात धरावा तसा बासच्या मानेवर असायचा. अजूनही फारसा सुटला नव्हता. आणि त्या हातात आता घुबड.

रविवारी साडू पेटी घेऊन आला. तान्हं बाळ ठेवावं तशी त्याने ती पलंगावर ठेवली.

"साडूबुवा, आठवडाभर राहू दे तुझ्याकडे. तू सांगशील ते खरं. त्या माणसाचा नियम आहे, तीस दिवसांत दोष सापडला तर बास परत, पैसे परत."

"आणि नाही सापडला तर?"

"तर मी सुखाने मरेन."

"दातवाल्यांना सुखाने मरण येत नाही. लोकांचे शाप असतात," कानसेन म्हणाला. दोघे हसले. साडू जरा जास्त वेळ हसला.

तो गेल्यावर कानसेनने पेटी उघडली. अक्रोडाच्या रंगाचं अंग, रेघ न् रेघ जुळलेली. त्याने बास मांडीवर घेतला आणि तो आपोआप तोलून राहिला, हाताने सावरावा लागला नाही. बावीस वर्षं त्याचा डावा खांदा दुखत होता. या पाच मिनिटांत दुखला नाही. ज्याला दोन रविवार पुरतात त्याला हा, आणि ज्याचं पोट यावर आहे त्याला तो घासलेला!

मुलीची परीक्षा तोंडावर होती, म्हणून घरात आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प लावायचा नाही असा ठराव होता. अशा वेळी बासवाले एक युक्ती करतात. बासचं डोकं लाकडी कपाटाला टेकवतात. मग कपाट गुणगुणतं आणि खालचे सूर अंगात जाणवतात. कानसेन बेडरूममधल्या आरशाच्या कपाटाशेजारी बसून चार दिवस तसाच वाजवत होता. पहिले दोन दिवस त्याला काहीच सापडलं नाही, आणि त्याचं जेवणावरून लक्ष उडालं. तिसऱ्या दिवशी सापडलं. सर्वांत बारीक तार, सातवा फ्रेट. सूर लागत होता, पण लगेच विझत होता. बासवाले याला सूर मेला म्हणतात. पट्टीच्या बासलाही हे दुखणं असू शकतं, पण इतक्या किमतीच्या बासला असू नये.

त्याने दहादा वाजवून पाहिलं. दहादा मेला. त्या दिवशी तो दोन पोळ्या जास्त जेवला.

"काय झालं? काम मिळालं का?" बायकोने विचारलं.

"नाही गं. असंच."

शनिवारी कानसेनने घुबड दुकानात नेलं, साडूलाही तिथेच बोलावलं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज शक्य तितका वाईट वाटल्यासारखा ठेवला. "बाकी बास सुरेख आहे. पण सातवा मरतो."

दुरुस्तीवाल्याच्या डोक्यावर पंखा खडखडत होता, बाहेर कुणीतरी गाडी रेस करत होतं. साडूने सातवा वाजवला. सगळ्यांनी माना तिरक्या केल्या.

"मरतोय," नाटकवाला म्हणाला.

"चक्क मेला की," लग्नवाला म्हणाला. "मला वाटलंच होतं. हलका बास, दुसरं काय होणार?"

"मी तर फोटो पाहूनच म्हणालो होतो," तिसरा एक जण म्हणाला. तो असं काही म्हणाला नव्हता.

कानसेननेही ऐकलं, आणि त्यालाही तो मेलेलाच ऐकू आला. दुरुस्तीवाल्याने तेवढं 'मेला' म्हटलं नाही. तो म्हणाला, "पंखा बंद करून ऐका." पण उकाडा होता, पंखा कुणी बंद केला नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानातून कानसेनला फोन आला, तुमच्याकडे घुबडाचा सातवा मरतो म्हणे? आमच्या एकाने नोंदणी केली होती, तो आता रद्द करतोय.

साडूचा चेहरा दोन आठवडे दात उपटल्यासारखा होता. मग तो पुन्हा पेटी घेऊन आला. कारागिराला नुसतं 'आवडला नाही' चालत नसे. कुठली तार, कुठला फ्रेट, सूर किती सेकंद टिकतो, सगळं नेमकं लिहून पाठवायचं. तीस दिवसांतले चार उरले होते.

"तूच मोज बाबा," साडू म्हणाला. "माझ्याने ऐकवत नाही."

कानसेनने कपाटाशी बसूनच मोजायला घेतलं. वही, पेन्सिल, फोनमधलं घड्याळ. मोजमापात तो लबाडी करत नसे, तो त्याचा धर्म होता. पाचवा फ्रेट, आठ सेकंद. सहावा, आठ. सातवा, तीन. पुन्हा सातवा, तीन. त्याने तीनचा आकडा जरा ठळकच काढला.

"अहो, सरका जरा. मला चादरी काढायच्यात," बायको आली.

तो बास घेऊन पलंगाच्या कडेला सरकला. हात रिकामा नको म्हणून पुन्हा सातवा वाजवला. बायकोने कपाट उघडलं, दोन चादरी काढल्या, वास घेतला, एक परत ठेवली, दार लावलं. सूर अजून चालूच होता.

कानसेनने घड्याळ लावून पुन्हा वाजवलं. नऊ सेकंद. पुन्हा नऊ. मग उठून बासचं डोकं कपाटाला टेकवलं. तीन. कपाट सूर पीत होतं. नेमका तोच सूर, इतर एकही नाही. शाळकरी पोरानेसुद्धा आधी कपाट सोडून पाहिलं असतं. त्याच्या स्वतःच्या बासचा सूर मेला असता तर त्यानेही पाहिलं असतं.

"काय झालं?" चादर हातात घेऊन बायको उभी होती.

"बासला काही झालेलं नाही. कपाटामुळे होत होतं."

"मग फोन करा त्यांना."

"आता काय सांगू? सगळ्या गावात झालंय. माझ्या कानावर लोक खरेदी करतात."

"कान बरा आहे तुमचा," ती म्हणाली. "दुखत पोटात होतं." आणि चादर झटकत बाहेर गेली.

त्याने कपाटापासून दूर होऊन पुन्हा सातवा वाजवला. चार दिवस गप्प बसलं की काम झालं. घुबड परत जाईल, साडू आपल्या जुन्या बासवर येईल आणि कानसेनचा कान शाबूत राहील. कुणाला कळणार नव्हतं. बायकोला कळलं होतं, पण ती बहिणीला सांगणार नव्हती. वाईट एवढंच की सातवा त्याच्या बोटाखाली अजून हलत होता, आणि असा सूर त्याने बावीस वर्षांत वाजवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पेटी घेऊन साडूच्या घरी गेला. मेहुणीने दार उघडलं. "या भाऊजी. मोजलं का? हे सकाळपासून पत्र लिहायला बसलेत."

"पत्र राहू दे," कानसेन साडूला म्हणाला. "सातवा मरत नाही. मी कपाटाला टेकवून वाजवत होतो."

साडूने त्याच्याकडे पाहिलं. "ताईंनी पाठवलं ना तुला? मला वाईट वाटू नये म्हणून?"

"अरे खरंच. ऐक." त्याने घुबड साडूच्या हातात दिलं. "वाजव."

साडूने सातवा वाजवला. सूर मेला. पुन्हा वाजवला. पुन्हा मेला. "बघ," तो म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलंय. मलाही आता दुसरं काही ऐकू येत नाही."

कानसेन त्याच्या डाव्या हाताकडे पाहत होता. साडूचं बोट सूर लागल्या लागल्या तारेवरून किंचित उचललं जात होतं, तापल्या तव्यावरून घ्यावं तसं. सूर मरणार हे धरूनच तो त्याला मारत होता. कपाटाचं सांगून हे बोट खाली बसणार नव्हतं.

"हे बघ," कानसेन म्हणाला, आणि मेहुणी आत जाईल म्हणून थांबला. ती गेली नाही. "मला तुझ्या बासमध्ये दोष हवा होता. दोन दिवस सापडला नाही तर मला जेवण गेलं नाही. सापडला तेव्हा मी खूश झालो. म्हणून कपाट सोडून पाहिलं नाही. माझा कान नाही चुकला, मी चुकलो. झालं? आता बोट खाली ठेव."

मेहुणीने साडूकडे पाहिलं, साडूने बासकडे.

"जळत होतास?" शेवटी तो म्हणाला.

"अजून जळतोय."

"दातांच्या डॉक्टरवर?"

"माणूस शेजारच्या ताटावरच जळतो. राजाच्या ताटावर कोण जळायला जातं?"

साडूला हसू आलं, पण त्याने ते पुरतं येऊ दिलं नाही. त्याने बास कानसेनकडे दिला. "मग तू वाजव. मी ऐकतो."

कानसेनने खुर्ची भिंतीपासून लांब घेतली. आधी सातवा वाजवला आणि धरून ठेवला. तो खोलीभर राहिला. मग तिथूनच खाली उतरत एक साधी चाल घेतली, स्टुडिओत रोज वाजवावी तशी. साध्या चालीत खोटं लपत नाही. घुबड त्याच्या हातात असं बोलायला लागलं की मेहुणी दाराशीच बसली. "अगंबाई," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्याकडे हा असा कधी वाजला नाही हो."

कानसेनने मान वर केली. साडूचे कान लाल झाले होते. ओठ मिटलेले, नजर कानसेनच्या डाव्या हातावर. हे तोंड कानसेनला चांगलं ओळखीचं होतं. चार दिवस त्याने ते रोज कपाटाच्या आरशात पाहिलं होतं.

त्याने आणखी एक फेरी घेतली. गरज नव्हती.

"पुरे," साडू म्हणाला आणि दोन्ही हात पुढे केले. "दे इकडे."