एका ओळीचा पाठभेद

पडद्यावर ते वाक्य उमटलं तेव्हा लेक वडिलांच्या निबंधाची पानं मांडीवर क्रमानं लावत होती. तिचा हात सातव्या पानावरच थांबला.

‘प्रत्येक नकलेत कुठेतरी एक मूल लपून बसते. त्याला शोधून काढणे हेच संपादकाचे काम.’

व्यासपीठावरचा संशोधक उंच, काटकुळा. बोलता बोलता टाचा उचलायची त्याला सवय होती.

“सरांचं हे वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे,” तो म्हणाला. “जुन्या पोथ्या उतरवून काढणारे लेखनिक म्हणजे नुसते हात नव्हेत. ते नकळत शब्द बदलतात, जोडतात, खेळतात. सर त्याला चूक म्हणत नाहीत, मूल म्हणतात. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण या एका वाक्यावर उभं आहे.”

“एकाच वाक्यावर? मग जरा जपून चाला हो,” अध्यक्षस्थानावरून बाई म्हणाल्या, आणि सभागृह हसलं. बाई चाळीस वर्षं एक त्रैमासिक चालवत होत्या. हे वाक्य ज्यात होतं तो सरांचा लेख बारा वर्षांपूर्वी त्यांनीच छापला होता.

लेक हसली नाही.

वडील जाऊन तीन महिने झाले होते. या चर्चासत्रात त्यांचा शेवटचा निबंध तिनं वाचावा, असं बाईंचं पत्र आलं तेव्हा ती हो म्हणून मोकळी झाली. कॉलेजात असल्यापासून त्यांचं सगळं लेखन तीच टाइप करून द्यायची. त्यांचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागतच नसे. आधी आख्खी ओळ लिहायची आणि मग पट्टीनं आखावी तशी एकच रेघ सगळ्या शब्दांवरून ओढायची, अशी त्यांची रीत. त्या रेघेखाली भ आणि म जुळे भाऊ होऊन जात.

“काय लेखनिकबाई, आज माझं काय काय सुधारलंत?” चहा घेताना ते विचारायचे.

“तुमचं व्याकरण!” तीही फणकाऱ्यानं सांगायची.

चार दिवसांपूर्वी एक संदर्भ ताडून बघायला तिनं त्या जुन्या लेखाचं हस्तलिखित काढलं. हे वाक्य सापडलं, आणि त्याच्या पुढचंही. ‘तिला शोधून काढणे हेच संपादकाचे काम.’ तिला. त्याला नव्हे. लिंगाची चूक वडिलांच्या हातून झोपेतसुद्धा झाली नसती. म्हणजे आधीचा शब्द ‘मूल’ नव्हताच, ‘भूल’ होता. नकलेत एक भूल लपून बसते, तिला शोधायचं. साधं, कोरडं, पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून द्यावं असं वाक्य. बावीस वर्षांच्या लेकीनं भ चा म वाचला, आणि पुढं व्याकरण जुळेना म्हणून ‘तिला’चं ‘त्याला’ करून टाकलं. वडील वर्गात हेच तर शिकवायचे: लेखनिकाची पहिली चूक डोळ्याची असते, दुसरी शहाणपणाची.

आता ते वाक्य शोकसभेत वाचून झालं होतं. चर्चासत्राच्या पत्रिकेवरही होतं. सांगितलं, तर लोकांच्या ओठांवर असलेलं बाबांचं एकुलतं एक वाक्य त्यांचं उरत नव्हतं. नाही सांगितलं, तर जन्मभर दुसऱ्यांच्या चुका उजेडात आणणाऱ्या माणसाच्या लेखातली चूक त्याच्या घरच्यांनीच झाकली, असं होत होतं.

तिचं नाव पुकारलं गेलं. माइकची मान तिनं खाली वाकवली आणि निबंध वाचला. अठरा मिनिटं लागली. आवाज कुठं अडखळला नाही. शेवटचं पान उलटं ठेवलं, तेव्हा टाळ्यांसाठी हात वर आले होते.

“एक दुरुस्ती आहे,” ती म्हणाली. “या निबंधात नाही. मघाशी पडद्यावर होतं त्या वाक्यात.”

तिनं सगळं सांगितलं. भ, म, तिला, त्याला. दोन मिनिटांतच सांगून झालं. “ते वाक्य बाबांचं नाही,” ती म्हणाली. “माझ्या वाचण्यातली चूक आहे.”

संशोधक उभा राहिला. “म्हणजे... माझं तिसरं प्रकरण?”

“पोरकं झालं!” मागून कुणीतरी म्हणालं. एकदोघं हसले. आपण कुणासमोर काय बोललो ते बोलणाऱ्याच्या लगेच लक्षात आलं, आणि त्यानं जीभ चावली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“त्या लेखाची प्रुफं मीच पाठवली होती त्यांच्याकडे,” त्या म्हणाल्या. “त्यांनी ‘मूल’ खोडून ‘भूल’ केलं, ‘त्याला’चं ‘तिला’ केलं. सकाळी प्रुफं परत आली. संध्याकाळी फोन. ‘बाई, ती दुरुस्ती काढा. पोरीनं केलंय तसंच जाऊ द्या.’ म्हटलं, ‘अहो, पण तुम्ही भूल लिहिलं होतंत ना?’ तर म्हणाले, ‘लिहिलं होतं. पण दिवसभर दोन्ही म्हणून बघितली. तिचं वाक्य माझ्यापेक्षा पुढं गेलंय.’”

लेक बाईंकडे वळली. “मला कधी बोलले नाहीत.”

“मी विचारलं, तिला सांगू का? ‘अजिबात नको’ म्हणाले. ‘एकदा कळलं की ती माझं अक्षर घाबरून वाचायला लागेल.’”

लेकीनं समोरची पानं पुन्हा सारखी केली. ती सारखीच होती. मग तिनं पेला उचलला, आणि त्यात पाणी नाही हे ओठांना लावल्यावर तिला कळलं.

“मग मी पाठ कुठला धरू?” संशोधक अजून उभाच होता.

“या समोर उभ्या आहेत, त्यांनाच विचारा की,” बाई म्हणाल्या. “लेखनिक जिवंत सापडतो का कधी आपल्याला?”

लेकीला हसू आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

“वर ‘मूल’च ठेवा,” ती म्हणाली. “खाली टीप द्या.”

तो वही घेऊन व्यासपीठाच्या पायरीपर्यंत आला. “आणि लेखनिक? टिपेत काय लिहू? अज्ञात?”

तिनं त्याच्या हातातून वही घेतली, पेनही घेतलं. आधी स्वतःचं नाव लिहिलं. मग मधलं, वडिलांचं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, ती एखादा मोठा उताराच उतरवून घेतेय. इतका वेळ तिला त्या तीन अक्षरांना लागला.