मैनाबाईचं कुंपण

बडनेऱ्याच्या मैनाबाईला शेजारच्या सुभद्राचं काहीच पाहवत नसे. कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा माळ्यांनी वाफे मोडून कपाशी पेरली, फुलमळे राखले ते या दोघींनीच. तरी मैनाच्या डोळ्यांत सुभद्राचा मळा सलायचा. त्यातून सासूनं मरायच्या आधी आपल्या मोगऱ्याची कलमं सुभद्राला दिलेली. सून घरात असताना शेजारणीला! हे मैना काही केल्या विसरत नव्हती.

मग सुभद्रानं रेल्वेच्या साहेबाच्या बागेतून एका विलायती झाडाची फांदी आणून कुंपणाला लावली. वर्षभरात कुंपण फुललं. एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं. कापसाचे गाडीवान गाड्या थांबवून बघत, आणि इकडे मैनाच्या अंगाचा तिळपापड होई. मागायला जावं तर नाक खाली होणार. एका दुपारी सुभद्रा बाजाराला गेलेली पाहून तिनं फांदी मोडून आणली. पानं चुरगळली तसा उग्र वास आला, पण वासाची कोणाला पडली होती?

झाड फोफावलं. सुभद्रा रोज सकाळच्या गाड्या गेल्या की सगळी फुलं खुडून टोपलीत नेई, माळ्याच्या घरची तीच रीत. मैनानं एकही खुडलं नाही. खुडली तर दिवसभर येणाऱ्या गाडीवानांना दिसणार काय? फुलांची फळं झाली, पिकून काळी पडली आणि बुलबुलांची झुंबड उडाली. सुभद्रानं आपलं कुंपण मुळासकट खणून जाळलं, तेव्हा मैनाला वाटलं, हरली एकदाची.

पुढच्या पावसाळ्यात मैनाच्या मोगऱ्याच्या वाफ्यात जागोजाग तेच रोप उगवलं. उपटावं तर मूळ खाली राहून पुन्हा फुटे. बघता बघता मोगरा त्याच्याखाली दडपून वाळला. नवरा सूर्यभान आधीपासून म्हणत होता, मोगरा आहे तोवर मळा तुझा. आता तो म्हणाला, मृगाआधी नांगर घालून कपाशी लावतो.

मैना सुभद्राच्या दारात जाऊन उभी राहिली. वाफ्यातून उपटलेलं एक रोप तिनं उंबऱ्यावर ठेवलं.

“माह्याच कुंपणाचं हाय ते, मले ठाऊक हाय,” सुभद्रा म्हणाली. “इचारलं असतं तं सांगतलं असतं. फूल झाडावर ठेवू नाई, फळ धरते अन् पाखरं बी रानभर नेतात. माह्याकडं चार फळं राहून गेली, तवाच मी घाबरली.”

फळं पिकायच्या आत दोघींनी कुदळीनं झाडं मुळासकट काढली आणि वाळवून जाळली. मग सुभद्रानं मुळं धरलेल्या मोगऱ्याची टोपली मैनापुढे ठेवली.

“तुह्या सासूचाच हाय. ने.”

सूर्यभाननं नांगर गोठ्यात परत ठेवला. सासूनं तेव्हा मोगरा शेजारणीला दिला नसता, तर आज मैनाकडे त्याची एक काडी उरली नसती. हे तिला लख्ख कळलं. तरी वाफ्यात रोपं लावताना, सुभद्राच्या हाताखाली ती किती जोमानं वाढलीत हे बघून, तिच्या पोटात दुखलंच.