हाकाटीच्या पुढे धावणारा

अठ्ठ्याहत्तर सालच्या कार्तिकात यादोराव पोलीस पाटलाची पाच वर्षांची मुदत संपत होती, आणि त्या पाच वर्षांत कोंढ्याजवळच्या मोहटोल्यात एकही चोरी झाली नव्हती. लोक याला गावाचं भाग्य म्हणत. यादोरावाच्या लेखी ती आपत्ती होती. रजिस्टर कोरं करकरीत. कोऱ्या रजिस्टरवर मुदतवाढ मागायची ती कुठल्या तोंडानं?

त्यातच भंडाऱ्याला पोलीस पाटलांचं शिबिर भरलं. नव्या साहेबांनी इंग्लंड-अमेरिकेतल्या पोलिसांचा इतिहास दोन तास सांगितला. जुन्या इंग्लंडात म्हणे पोलीसच नव्हते. चोरी दिसली की बोंब ठोकायची, ऐकणाऱ्यानं हातातलं काम टाकून चोरामागे धावायचं, आणि शीव आली की पुढच्या गावानं ती बोंब उचलायची. लंडनचे उंच टोपीवाले शिपाई फार नंतर आले. साहेब अमेरिकेत पोचले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. त्यामुळे यादोरावाच्या वहीत 'अमेरिका' या मथळ्याखाली 'वांग्याची भाजी' एवढंच होतं. शेजारी बसलेल्या खुशालनं मात्र अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. खुशाल शिवेपलीकडच्या चिचटोलीचा पोलीस पाटील; मुदत त्याचीही संपत होती.

"कोण हे करून दाखवतो ते बघू," साहेब म्हणाले. "मंगळवारी मी चिचटोलीत आहे."

करून दाखवायला चोरी हवी होती. यादोरावानं आधी धान कापणाऱ्या नत्थूला गाठलं.

"नत्थू, एक चोरी करतं का बा?"

"कापणीच्या दिवसात कोठून करू जी पाटील? मानसं भेटून नाई राहिले."

शेवटी सरकारी कामात होतं तेच झालं. सगळं स्वतःलाच करावं लागलं. मंगळवारी सकाळी यादोरावानं स्वतःच्याच चुलीपाशी असलेला पितळी गंज, म्हणजे भाताचं पातेलं, उचलला आणि शिवेवर, तळ्याच्या पाळीवरच्या बेशरमाच्या झुडपात नेऊन ठेवला. बेत सोपा होता. बोंब मारायची, सगळ्यांच्या पुढे धावायचं, झुडपातून गंज 'शोधून' काढायचा आणि थेट साहेबांपुढे ठेवायचा.

"चोर! चोर!" यादोराव बांधावरून ओरडला.

कुणी मान वर केली नाही. पाटील धानावरचे पोपट हाकलतोय, असंच सगळ्यांना वाटलं.

"साहेबाचा हुकूम आहे बे! धावा!"

मग मात्र विळे खाली पडले आणि मोहटोला धावत सुटला. त्यात यादोरावाची बायको रुखमिणी होती, हातात पळी घेऊन. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सकाळपासून गंज सापडत नाही एवढंच ठाऊक होतं.

शिवेवर यादोरावानं न थांबता गंज काखेत मारला आणि चिचटोलीत शिरला.

मोहाच्या झाडाखाली खुर्चीवर साहेब बसले होते. खुशाल वीस माणसं आणि उघडी वही घेऊन उभा होता. त्याला दिसलं ते असं : मागे 'चोर चोर' ओरडणारं अख्खं गाव, पुढे धावणारा एकच माणूस, त्याच्या काखेत पितळी गंज. शंकेला जागाच नव्हती. चौघांनी यादोरावाला आडवा केला आणि बैलाच्या दाव्यानं मोहाला बांधला.

"अबे खुशाल, मी पाटील होय!"

"ते मले मालूम आहे जी, यादोरावभाऊ. पण वहीत पाटलाले सूट नाई."

एवढ्यात रुखमिणी पोचली. तिनं गंज उलटा करून काठावरची अक्षरं बोटानं चाचपली. "माह्या बाचं नाव आहे याच्यावर! माह्या माहेरचा गंज!" मग तिनं बांधलेल्या माणसाकडे पाहिलं. "अजी, तुमी? कायले नेलेत?"

"दाखवाले."

"कोनाले?"

हात बांधलेले असल्यामुळे यादोरावानं हनुवटीनं साहेबांकडे खूण केली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पद्धत इतकी चोख इंग्लंडातही चालली नसेल," ते म्हणाले आणि लिहू लागले. खबर देणार यादोराव. पाठलाग करणार यादोराव. मुद्देमालासह आरोपी यादोराव. इथे पेन अडलं. "पण आरोपीला मुदतवाढ कशी देऊ?"

यादोरावाचा चेहरा पडला. पाच वर्षांत पहिल्यांदाच रजिस्टर भरलं होतं, आणि तेच अंगावर आलं होतं.

खुशालला दया आली असावी. त्यानं पान उलटलं. "साहेब, अमेरिकेत पाटलासारखा मानूस लोकच निवडतेत, असं तुमीच सांगतलं होतं."

सांगितलं होतं खरं. आता मागे कसं फिरणार? साहेब उभे राहिले. "मोहटोलेकर, तुमच्यातला कोण पोलीस पाटील होणार? त्यानं सगळ्यांच्या पुढे यावं."

गावानं एकमेकांकडे पाहिलं. नत्थूनं दाव्याकडे पाहिलं. पुढे आलं की काय होतं, हे सगळ्यांनी नुकतंच डोळ्यांनी बघितलं होतं. पुढचे दोन पावलं मागे सरले, म्हणून मागचे चार सरले. बघता बघता अख्खा मोहटोला शिवेपर्यंत मागे गेला. यादोरावाला तेवढं सरता येईना. तो मोहाला बांधलेला होता.

"बिनविरोध," साहेबांनी लिहिलं.

रुखमिणीनं दावं सोडलं. गंज मात्र तिनं स्वतःच उचलला, आणि घरापर्यंत यादोरावाला पुढे चालू दिलं नाही.