हरकतपेटीच्या पोटातलं

बोलतेय ती मी, नगर कार्यालयातली हरकतपेटी. पेटी कुठे बोलते का, असं विचारू नका. या कार्यालयात ज्यांनी बोलायचं ती माणसं गप्प बसतात, म्हणून माझ्यावर वेळ आली.

माझा जन्म सुताराकडच्या उरलेल्या फळ्यांतून झाला. चांगलं लाकूड साहेबांच्या टेबलाला गेलं, उरलंसुरलं जनतेच्या वाट्याला आलं. फट मुद्दाम अरुंद ठेवली, म्हणजे लोक थोडक्यात लिहितील. कुलूप मात्र चांगलं जाडजूड. लोकांच्या तक्रारींवर चोरांचा डोळा असतो ना.

पुढची अकरा वर्षं मी जिन्याखाली लटकत होते. पोटात काय काय गेलं म्हणून सांगू? बसची तिकिटं, गोळ्यांचे कागद, एकदा तर एका वैतागलेल्या बाबूचा रजेचा अर्ज. उघडून कुणी पाहिलं नाही. तरी दरवर्षीच्या अहवालात ‘सर्व तक्रारींचे निवारण झाले’ असं छापून यायचं. ऐकून मलाही बरं वाटायचं.

मग एके दिवशी माझ्यावरची धूळ पुसली गेली. जुनं कोळशाचं वीजकेंद्र दोन वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. त्याच जागेवर आता गॅसवर चालणारं नवं केंद्र येणार होतं आणि कायद्याप्रमाणे लोकांना विचारणं भाग होतं. जाहिरातीच्या फलकावर निळं आभाळ, हिरवी पानं, हसरं मूल. धुराची चिमणी तेवढी रंगवायची राहून गेली होती. कंपनीचे इंजिनिअर समजावून सांगायचे, की गॅस म्हणजे तात्पुरती सोय, सूर्य-वाऱ्याची वीज येईपर्यंतची. करार पस्तीस वर्षांचा. सूर्य बिचारा कुठल्या गाडीने येतोय, कोण जाणे.

सगळ्यात आधी माझ्याकडे आले ते वायरमन काका. तीस वर्षं त्या जुन्या केंद्रात नोकरी आणि घर केंद्राच्या भिंतीला लागून. काकूंना दमा. केंद्र बंद झालं तेव्हा कुठे त्यांना घरचे दोन जिने न थांबता चढता येऊ लागले. आता पुन्हा तिथेच चिमणी म्हटल्यावर काका स्वस्थ बसेनात. निवृत्त माणूस, पण शाळा, बाजार, दवाखाना, जिथे गच्ची दिसली तिथे शिडी लावून चढला आणि टेप लावून मोजून आला. कुठे किती सोलर पॅनल बसतील, टेकडीवर किती पवनचक्क्या, अंधार पडल्यावर पुरतील अशा बॅटऱ्या किती, सगळं बारा पानांत. जाड पाकीट माझ्या फटीतून जाईना, तेव्हा काकांनी एकेक पान घडी करून आत सोडलं. त्यांच्या मागोमाग सगळा शेजारपाजार आला. आयुष्यात पहिल्यांदा माझं पोट भरलं.

आता कारकुनाचा पराक्रम ऐका. साहेबांचा हुकूम होता, की आलेलं बंद पाकीट न उघडता पेटीत टाकायचं. कारकून हुकमाचा पक्का. साहेब दौऱ्यावर निघाले आणि जाताना माझी किल्ली एका पाकिटात घालून, चिकटवून, त्याच्या टेबलावर ठेवून गेले. त्याने पाहिलं, पाकीट बंद होतं. टाकलं. दुसरी किल्ली नव्हती.

आज सुनावणी. भरल्या सभागृहात मला टेबलावर ठेवलं आणि साहेबांनी वाचून दाखवलं, “विहित मुदतीत प्राप्त हरकती, निरंक.”

“निरंक कशा, साहेब?” काका उठले. “दोनशे कागद आहेत तिच्यात.”

“असतील हो. पण पेटी उघडल्याशिवाय ते प्राप्त धरता येत नाहीत.”

“मग कुलूप तोडा.”

“सरकारी मालमत्ता आहे. वरून परवानगी मागवावी लागेल. महिना-दीड महिना धरा.”

“आणि केंद्राची मंजुरी?”

“ती आजच. पाच वाजता.”

कारकून आपली नखं न्याहाळत होता. घड्याळात पाचला पंचवीस मिनिटं कमी होती. काका खाली बसले. शेजारी काकू, मुठीत दम्याचा पंप.

“जन्मभर तुम्ही नियमाने वागलात,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि मी खोकत राहिले. आता काय करायचं ते करा.”

काकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

“काका, गुन्हा दाखल होईल,” साहेब म्हणाले.

“करा ना. नाव-पत्ता आतल्या बारा पानांवर आहे.”

माझ्या मागच्या बिजागऱ्यांचे स्क्रू एकामागून एक निघाले. दुखलं, खोटं कशाला सांगू. फळी निघाली आणि सगळे कागद टेबलावर घसरले.

पाचला अजून बारा मिनिटं आहेत. काकूंनी पहिला कागद उचललाय आणि त्या मोठ्यानं वाचताहेत, दर ओळीला थांबून श्वास घेताहेत. मी आता पेटी राहिले नाही, नुसत्या फळ्या आहेत. मला पुन्हा जोडू नका, आणि जोडलंतच तर कुलूप लावू नका. आणि साहेब, घड्याळाकडे काय बघताय, काकूंकडे बघा.