नऊ मिनिटं चार सेकंद

मी एक स्टॉपवॉच बोलतोय. डोक्यावर बटण, पोटात किल्लीचं यंत्र. माझी जात धावपटूंसाठी घडवलेली. पण १९९७ साली बंगळूरच्या एका संशोधन संस्थेने मला विकत घेतलं आणि मी मुलांची नजर मोजू लागलो.

माझी मालकीण संध्या, तिथली संशोधक, मूळची निपाणीची. ऑक्सिटोसिन नावाचं एक संप्रेरक मेंदूत तयार होतं. बाळंतपणात आणि बाळाला पाजताना ते आईच्या रक्तात उतरतं. माणसाला माणसाची ओढ लागते, तीतही त्याचा हात असावा, असं शास्त्रज्ञ तेव्हा म्हणू लागले होते. स्वमग्न मुलांच्या रक्तात ते किती असतं, हे संध्याला पाहायचं होतं. आधी रक्त घ्यायचं, मग आई आणि मुलाला दहा मिनिटं खेळायला बसवायचं. संध्या एकतर्फी काचेमागे बसे. मुलाने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं की बटण दाबायचं, नजर वळली की पुन्हा. बेरीज मी ठेवायचो. त्यात मला सुख नव्हतं, दुःखही नव्हतं.

पाच वर्षांची भूमिका चिकपेटेतून आली, आई कावेरी आणि आजी, म्हणजे कावेरीची सासू, अंबुबाई यांच्याबरोबर. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेलं मराठी घर. भूमिका बोलत नसे. स्टीलच्या डब्यांची झाकणं फरशीवर गरगर फिरवायची आणि ती आडवी पडेपर्यंत बघत राहायची. दहा मिनिटांत तिने आईकडे पाहिलं ते अकरा सेकंद.

महिन्याभराने तिघी पुन्हा आल्या. कावेरीने रक्ताचा आकडा विचारला.

"इतर मुलांइतकाच आहे," संध्या म्हणाली. "पण कावेरीताई, त्यावरून एकट्या भूमिकेबद्दल काही सांगता येत नाही. आम्ही स्वमग्न मुलं आणि इतर मुलं, अशा दोन गटांच्या सरासऱ्या ताडून बघतोय, तेवढंच."

अंबुबाईंनी पहिलं वाक्य तेवढं उचललं. "सरी, बरोबर! रक्तात खोट नाही. मग खोट कुठे? पाच महिन्यांचं पोर टाकून ही बँकेत जायला लागली. आईची माया लागली नाही, दुसरं काय? माझ्या मुलाला, दयानंदाला सांगते, पोरीला हुबळीला माझ्या लेकीकडे ठेवू."

"आई, तिला माझ्यापासून नेऊ नका," कावेरी एवढंच म्हणाली आणि मुलीला घेऊन खेळाच्या खोलीत गेली.

संध्याने अंबुबाईंना काचेमागे आपल्या शेजारी बसवलं. मग तिने मला त्यांच्या हातात दिलं.

"आजी, आज तुम्ही मोजा. भूमिकेची नजर नको. कावेरीताई मुलीकडे बघतील तेवढाच वेळ."

"मला काय येतंय त्यातलं?"

"स्वल्प दाबायचं, बस्स."

अंबुबाईंचा अंगठा राठ होता. बटण दाबून त्या सुनेची नजर ढळायची वाट बघत बसल्या. ती ढळेना. कावेरी मुलीला हाका मारत नव्हती, हनुवटी धरून तोंड वळवत नव्हती. एक झाकण पडायला आलं की दुसरं हळूच पुढे सरकवायची. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. भूमिकेने कान झाकायच्या आत कावेरीचे तळवे तिच्या कानांवर होते.

"नऊ मिनिटं चार सेकंद," संध्याने वाचलं.

"माझंच चुकलं असेल," अंबुबाई म्हणाल्या. "परत मोजते."

संध्याने काटा शून्यावर आणला. पण दुसऱ्या खेपेला अंबुबाईंनी बटण दाबलंच नाही. मी शून्यावरच राहिलो आणि त्या काचेतून बघत राहिल्या. मग मला टेबलावर ठेवून आत गेल्या, गुडघ्यावर हात टेकून फरशीवर बसल्या.

"कावेरी, पिठाच्या डब्याचं मोठं झाकण नाही आणलंस? ते जास्त वेळ फिरतं."

हुबळीचं नाव पुन्हा निघालं नाही. भूमिकेची नजर मात्र पुढल्या खेपेलाही अकरा-बारा सेकंदांचीच होती.

संध्याचा शोधनिबंध पुढे छापून आला. दोन सरासऱ्यांत थोडा फरक होता. तो का, हे तिलाही सांगता आलं नाही. अंबुबाईंची नोंद त्यात नाही. आता नजर मोजायला यंत्रं आली आहेत. माझी स्प्रिंग तुटली आहे आणि मी एका खणात पडून आहे. मोजणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. मोजत राहा, पण नजर कुणाची मोजायची, ते आधी ठरवा.