टीव्हीला काही झालेलं नाही

माधवराव दिघे दुकानात शिरले की दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडत. छत्री घ्यायची असो, पोळपाट असो, नाहीतर पायपुसणं, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "किती वर्षं टिकेल?" भाव सगळेच विचारतात, वस्तूचं आयुष्य विचारणारं गिऱ्हाईक एखादंच. बंदरातल्या गोदामांसाठी दोरखंड, रंग आणि दिवे खरेदी करण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्यावर माणूस घरी आला, खोड काही नोकरीवर मागे राहिली नाही. दादरला गोखले रोडवरची निम्मी दुकानं त्यांना ओळखून होती आणि उरलेली निम्मी त्यांना टाळून.

घरात सपाट पडद्याचा टीव्ही आणायचं ठरलं, तेव्हा तर त्यांनी कहर केला. मुलगी ऋता आजही सांगते, तिचा नवरा बाबांनी दोन भेटींत पसंत केला, पण टीव्ही पसंत करायला गणपतीपासून पाडव्यापर्यंत वेळ घेतला. दुकानादुकानांत जाऊन ते टीव्हीच्या मागे वाकून बघत, पाठीवर हात ठेवून किती तापतो ते पाहत, आणि विक्रेत्या पोरांना विचारत, "आवाज-बिवाज ठीक आहे हो, पण दहा वर्षांनी हा कसा दिसेल?" दहा वर्षांनी ती पोरं कुठे असतील याचाच पत्ता नव्हता, ती काय सांगणार!

शेवटी बत्तीस इंचांचा टीव्ही घरी आला आणि त्याच्यासोबत नियमही आले. ब्राइटनेस निम्म्याच्या खाली. बघून झालं की भिंतीवरचं बटण बंद. पडद्याला बोट लावायचं नाही, पाहुण्यांच्या मुलांनी तर जवळही जायचं नाही. पुसायचा तो जुन्या मलमलीच्या धोतराच्या तुकड्याने, तोही माधवरावांनी स्वतः. मृणालिनीबाई, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं बघून म्हणायच्या, "अहो, तो टीव्ही आहे की देव्हारा?"

पण टीव्ही टिकला, हे कबूल करायला हवं. इमारतीत लोकांचे दोन-दोन टीव्ही होऊन गेले. कुणाच्या पडद्यावर रेघा आल्या, कुणाचा आवाज गेला. माधवराव जिन्यात भेटले की सहज बोलल्यासारखं बोलत, "आमचा अजून पहिलाच आहे." त्यांच्या आयुष्यात फार मोठे विजय झाले नव्हते. हा एक होता, आणि तो ते रोज थोडा थोडा चाखत.

मग खालच्या मजल्यावरच्या अक्षताकडे पंचावन्न इंची टीव्ही आला. मृणालिनीबाई चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिच्याकडे गेल्या आणि आल्या त्या तोंड भरून कौतुक करत. "काय स्वच्छ दिसतं हो! आणि केवढं मोठं!" माधवरावांनी ऐकून घेतलं. आणि त्याच आठवड्यात, रात्रीचं जेवण उरकून गाण्यांच्या स्पर्धेचा कार्यक्रम बघताना, मृणालिनीबाई म्हणाल्या, "अहो, आपलं चित्र कडेला काळं पडलंय का?"

"कुठे?"

"त्या वरच्या कोपऱ्यात. चॅनेलचं नावच दिसत नाहीये."

माधवरावांनी पाहिलं. चॅनेलचं नाव लख्ख दिसत होतं. ते मिशीत हसले. बायकोला नवा टीव्ही हवा आहे आणि तो सरळ मागण्याऐवजी ती जुन्याला नावं ठेवते आहे, एवढं न कळण्याइतके ते कच्चे नव्हते. खरेदी विभागात असताना चांगला माल मोडीत काढायला निघालेले साहेब त्यांनी पैशाला पासरी पाहिले होते. "टीव्हीला काही झालेलं नाही," ते म्हणाले.

पण तक्रार थांबेना. कधी चित्र अंधुक आहे, कधी बातम्यांच्या पट्टीचा शेवट खाल्ला जातोय. माधवराव आत गेले की मृणालिनीबाई हळूच ब्राइटनेस वाढवत. माधवराव बाहेर येऊन तो पुन्हा कमी करत, आणि वर ऐकवत, "असा जाळलास तर वर्षभरात बसेल तो." चिडवाचिडवीतून एकदोनदा चांगलं वाजलंसुद्धा. त्या दिवसांत मृणालिनीबाईंच्या ताटात डावीकडची चटणी तशीच राहायची. माधवरावांना वाटलं, रागात आहे. दाराच्या चौकटीला खांदा आपटला, तर वाटलं, घाई करते. मेथीच्या जुडीत निवडायची पानं सुटली, तर वाटलं, मन नाही कामात. प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं आणि प्रत्येक उत्तरात टीव्ही निर्दोष सुटत होता.

दिवाळीच्या आधी त्यांनी हा वाद एकदाचा मिटवायचं ठरवलं. लालबागचा निलेश टीव्ही दुरुस्त करायचा, त्याला बोलावलं. निलेशने पेनड्राइव्ह लावून पडदा पूर्ण पांढरा केला. डाग असला, आतली बत्ती गेलेली असली, तर पांढऱ्यावर लगेच कळतं. माधवराव हाताची घडी घालून उभे राहिले.

"काका, पॅनल एकदम टकाटक आहे," निलेश म्हणाला. "एवढ्या जुन्या टीव्हीचा असा पॅनल मी बघितलाच नाय. काकू, तुम्हाला कुठे काळं दिसतंय, बोला."

मृणालिनीबाई पुढे झाल्या. त्यांनी डोळे बारीक केले, आणि सगळे नियम मोडून पडद्यावर बोट टेकवलं. वर, डाव्या कोपऱ्यात. "इथे. इथे काहीच नाहीये."

निलेशने वाकून पाहिलं. "काकू, इथे पण पांढराच आहे."

माधवराव मोठ्याने हसले. निलेशही हसला, कारण काका हसत होते. माधवरावांनी खिशातून मलमलीचा तुकडा काढला आणि बायकोच्या बोटाचा ठसा पुसून टाकला.

"मग माझंच काहीतरी असेल," मृणालिनीबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्या खोलीत दोन पुरुषांनी ऐकलं, आणि दोघांपैकी एकानेही ते उचललं नाही. निलेश परक्या घरचा, त्याला काय बोल लावणार! पण माधवराव? चटईवरचा एक धागा सुटला तर ज्यांना पलीकडून दिसायचं, त्यांना हे दिसलं नाही. जिंकलेल्या माणसाला फार कमी दिसतं.

त्यानंतर मृणालिनीबाईंनी टीव्हीबद्दल एक अक्षर काढलं नाही. खुर्ची थोडी पुढे ओढून बसायला लागल्या, इतकंच. माधवरावांनी जिन्यात अक्षताला ऐकवलं, "मेकॅनिक म्हणाला, असा पॅनल मुंबईत सापडायचा नाही." एक दिवाळी गेली, दुसरीही गेली.

मे महिन्यात ऋता राहायला आली. तिने आईसाठी कोकम सरबताचा पेला तिपाईवर ठेवला आणि मृणालिनीबाईंच्या हाताने तो उडवला. "अगं आई, इथेच तर ठेवला होता." "दिसला नाही गं." ऋताने आईला समोर बघायला सांगितलं आणि बाजूने दोन बोटं हलवत आणली. आणत राहिली. बोटं जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा आई म्हणाली, "हां, दोन."

दुसऱ्या दिवशी तिघं परळला डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. मृणालिनीबाईंना एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात बघायला बसवलं. आत ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. दार अर्धं उघडं होतं. बाहेरच्या बाकावरून माधवरावांना ठिपके चमकताना दिसत होते, आणि बायकोचा अंगठाही दिसत होता. एकामागून एक ठिपके चमकून गेले. अंगठा नुसता वाट पाहत राहिला.

डॉक्टर तरुण होती, आवाजाने मऊ. "काचबिंदू आहे," ती म्हणाली. "दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडेने नजर नेतो. गेली ती परत येत नाही. उरलेली सांभाळायची." तिने यंत्रातून निघालेला नकाशा टेबलावर ठेवला. पांढरा भाग मध्ये थोडासा होता, भोवती सगळं काळं. सर्वांत गडद काळं वरच्या डाव्या कोपऱ्यात होतं. माधवरावांनी तो कोपरा ओळखला. तिथे त्यांनी फडका फिरवला होता.

"केव्हापासून जाणवत होतं?" डॉक्टरने विचारलं.

"असं काही नाही हो," मृणालिनीबाई घाईघाईने म्हणाल्या. "आत्ता आत्ताच."

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या नवऱ्याला वाचवत होत्या, आणि ते माधवरावांच्या काळजाला जितकं लागलं, तितकं आयुष्यात काही लागलं नव्हतं.

"गेल्याच्या गेल्या वर्षापासून," माधवराव म्हणाले. "चैत्रापासून. दर आठवड्याला सांगत होती."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मग तेव्हा का नाही आलात?"

"मला वाटलं," ते म्हणाले, आणि थांबले. हे वाक्य उच्चारण्यापेक्षा मेलेलं बरं असं त्यांना झालं. "मला वाटलं, तिला नवीन टीव्ही हवाय."

ऋताने बाबांकडे पाहिलं आणि मान फिरवली.

टॅक्सीत मृणालिनीबाई मध्ये बसल्या होत्या. परळच्या नाक्यावर सिग्नल लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे टीव्ही चांगला होता तर. तुमचंच बरोबर होतं हो. मी उगाच नावं ठेवत बसले त्याला." त्यात टोमणा नव्हता. असता तर माधवरावांनी तो आनंदाने झेलला असता. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि त्यांना सिग्नलचा रंग दिसेनासा झाला.

ऋता दोन दिवसांनी तिच्या घरी गेली. आता दिवसातून तीनदा डोळ्यांत थेंब घालायचं काम माधवरावांकडे आलं होतं. त्यांचा नेम चुकायचा, थेंब गालावर ओघळायचा, आणि मृणालिनीबाई म्हणायच्या, "असू दे, पुन्हा घाला." टीव्हीचा ब्राइटनेस त्यांनी शेवटपर्यंत चढवून ठेवला होता. डोळे दिपतील इतका. काही उपयोग नव्हता, तरी.

एका संध्याकाळी गाण्यांची स्पर्धा लागली. आवाज मोठा होता. जाहिराती लागल्या तेव्हा माधवराव उठले, पाणी पिऊन परत आले आणि बायकोच्या शेजारच्या खुर्चीत बसले. हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता. पडद्यावर एक लहान मुलगी गायला उभी राहिली. मृणालिनीबाई मान न हलवता, डोळे मधोमध रोखून बघत होत्या. मुलीचा चेहरा त्यांना दिसत होता, म्हणून त्या खुश होत्या.

"अहो," त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली. "या ना लवकर. सुरू झालं."

माधवराव शेजारीच बसले होते. त्यांनी तोंड उघडलं, "अगं, मी इथेच," असं म्हणायला, आणि तसंच मिटलं. डॉक्टरने उरलेली नजर सांभाळायला सांगितली होती. ती किती थोडी उरली आहे हे तिला आज, या गाण्याच्या मध्ये, कळायला नको होतं.

ते आवाज न करता उठले. पावलं न वाजवता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. तिथे त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. मग सपाता मुद्दाम फरफटत, "आलो, आलो," म्हणत ते बाहेर आले आणि तिला दिसेल असे टीव्हीच्या समोरून जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

"कुठे होतात इतका वेळ?" मृणालिनीबाईंनी हसून विचारलं. "पहिलं कडवं गेलं ना तुमचं."

माधवरावांनी तिचा हात हातात घेतला.