आळ्याच्या वाटेतली खीळ

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खीळ आहे. लांबी तुमच्या वितीपेक्षा थोडी कमी, डोकं चपटं, अंग गंजानं खाल्लेलं. गाडीचं चाक आसावरून निसटू नये म्हणून आसाच्या टोकाच्या भोकात मला घालतात. मी जागेवर आहे तोवर चाक जागेवर. आणि तरी तुम्ही माणसं काय म्हणता? 'कामाला खीळ बसली!' म्हणजे काम अडलं. या बोलण्याचा मला फार राग यायचा. अहो, माझ्यावाचून गाडी हाकून तर दाखवा! पण पुढं असं काही घडलं की त्याच बोलण्यापुढं मला मान खाली घालावी लागली. ते तुम्हाला सांगते.

विसावं शतक लागून पाच-सहा वर्षं झाली होती. जुन्नरच्या बाजारपेठेच्या मागं बदरुद्दीन मिस्त्रींचं दुकान होतं. ते दमण्या करत. दमणी म्हणजे माणसांनी बसून जायची हलकी, चपळ बैलगाडी. साध्या गाडीला दीड दिवस लागे तिथं दमणी दिवस मावळायच्या आत पोचवायची. मी ज्या दमणीसाठी घडले तिला गुलाबी रंग होता, वर कमानीचं छत होतं आणि जुवाला पितळी घुंगरं होती. रस्त्यानं जाणारा माणूस तिच्यापुढं थबकलाच पाहिजे. तिला दोन खिळी होत्या, त्यांतली एक मी. मिस्त्रींनी मला भट्टीतून काढून ठोकलं, पाण्यात बुडवलं आणि हातात तोलून बघत 'छान' म्हणाले. आयुष्यात तेवढी एकच शाबासकी मला मिळाली.

मिस्त्रींचा एक रिवाज होता. गिऱ्हाईक आलं की ते लगेच दमणी देत नसत. एक खीळ त्याच्या हातावर ठेवत आणि महिनाभर घरी घेऊन जायला सांगत. खीळ नाही म्हणजे गाडी हलत नाही, दुसऱ्याला विकलीही जात नाही. त्या महिन्यात गिऱ्हाइकानं दमणी घेतलीच आहे असं समजून वागायचं. तिला जी नवी बैलजोडी लागेल तिची वैरण रोज बाजूला काढायची आणि त्या वैरणीला हात लावायचा नाही. महिन्यानंतरही घर हसतंखेळतं असेल तर यायचं आणि दमणी न्यायची. नसेल तर खीळ दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवून जायचं. मिस्त्री काही विचारत नसत.

"घेनं सोपं हाय भाऊ," ते म्हणायचे, "सांभाळनं अवघड."

फाल्गुनात घोडेगावच्या अलीकडच्या एका गावचा सावळाराम दुकानात आला. गुळाचे पैसे हाती होते. दमणी आणि खोंडांची जोडी, दोन्ही त्यात बसत होतं. त्याच्या म्हाताऱ्या आईला, साळुबाईला, आळे गावी न्यायचं होतं. तिथं तिची थोरली बहीण भागू होती. आई लहानपणीच गेली, तेव्हा भागूनंच साळूला वाढवलेलं. आता भागू अंथरुणाला खिळली होती. कांदे नेणाऱ्या एका गाडीवानाबरोबर तिनं निरोप धाडला होता, साळूला म्हणावं एकदा येऊन जा. पण साळुबाईची कंबर दोन वर्षांपूर्वी विहिरीवर पडून कायमची अधू झालेली. घरच्या जड गाडीचा एक हिसका बसला तरी तिचा श्वास अडकायचा. म्हणून दमणी.

हे कारण खरंच होतं. पण त्याच्या मनात आणखी एक काटा होता, तोही सांगायला हवा. मागच्या जत्रेला त्याचा साडू हौशीराम आपली दमणी उधळत त्याच्या गाडीशेजारून गेला होता, आणि सगळी धूळ सावळारामच्या तोंडावर आली होती. ती धूळ काही त्याच्या मनातून जात नव्हती.

मी त्याच्या बंडीच्या खिशात बसून गावी आले. त्यानं मला आईच्या हातावर ठेवलं. म्हणाला, "आये, आता तुला दमणीतच नेतो. आळ्याची वेस बघत ऱ्हाईल." साळुबाईनं मला चाचपलं आणि परत दिलं. भागू थकली आहे, जरा लवकर बघ, एवढंच ती बोलली. एक महिन्याचा तर प्रश्न, तो म्हणाला.

आणि मित्रांनो, काय सांगू, मला तेव्हा केवढा ताठा आला होता! सावळाराम मला पारावर काढी, विहिरीवर काढी, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवी. अख्ख्या गावानं मला हाताळलं. लोक त्याला 'दमणीवाले' म्हणू लागले होते. दमणी जुन्नरात आणि तोरा इथं, अशी गत.

त्याची बायको प्रयागबाई शहाणी होती. ती रोज सकाळी गोठ्याच्या कोपऱ्यात मोजून दहा पेंढ्या कडबा रचायची, न आलेल्या जोडीसाठी. पण त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. आहे तो कडबा आषाढापर्यंत पुरवायचा होता, त्यामुळं त्या दहा पेंढ्या घरच्या जोडीच्या तोंडातूनच निघत होत्या. मोऱ्या आणि चांद्या दिवसभर उसाला मोट ओढायचे. कोपऱ्यातला ढीग वाढत गेला आणि ते दोघं त्याच्याकडं बघत रिकामी गव्हाण चाटत राहिले. एक-दोनदा प्रयागबाईनं नवऱ्याकडं विषय काढला. महिना भरू दे, मग बोलू, असं म्हणून त्यानं तो मिटवला.

बाविसाव्या दिवशी दुपारी बैल सोडून सावळाराम जेवायला आला, तर गोठ्यात साळुबाई. तिला उभं राहवत नव्हतं. जमिनीवर बसल्या बसल्या ती सरकत होती, आणि कोपऱ्यातली एकेक पेंढी ओढत मोऱ्यापुढं टाकत होती. कंबर अशी ठणकत होती की तिच्या तोंडाला घाम सुटला होता.

"आये, ती वैरण दमणीच्या जोडीची हाय," सावळाराम म्हणाला.

"कुटं हाय ती जोडी?" साळुबाई म्हणाली. "जी दारात न्हाई तिच्या नावानं ढीग लावलाय तू. आन् जी मोट वढती, तिच्या बरगड्या मोज जरा."

सावळारामनं मोऱ्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला. त्या घरात दमणीत बसायची सगळ्यात जास्त गरज जिला होती, तिनंच त्या दमणीची वैरण मोडली होती.

दुसऱ्या दिवशी जुनी गाडी जोडून तो जुन्नरला गेला आणि मला उंबऱ्यावर ठेवलं. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणं काही विचारलं नाही. पण सावळारामचा पाय निघेना. दमणी परवडणार नाही हे कळलं, पण आईला आळ्याला कसं न्यायचं, हे त्यानं मिस्त्रींनाच विचारलं.

मिस्त्रींनी हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. दारातली जुनी गाडी चारी बाजूंनी फिरून बघितली. मग म्हणाले, "भाऊ, हिच्यात बाज टांगू. हिसका दोराला बसंल, आईला न्हाई."

अर्ध्या दिवसाचं काम. गाडीच्या चार कोपऱ्यांना चार खुंट ठोकले आणि त्यांना दोरांनी दुकानातली एक सुंभाची बाज टांगली. जुन्या गाडीची एक खीळ झिजली होती, तिच्या जागी मिस्त्रींनी मला घातलं. मला ते मुळीच रुचलं नाही. कुठं ती गुलाबी दमणी आणि कुठं हे शेणामातीनं भरलेलं चाक!

पण गावी पोचलो, साळुबाईला बाजेवर निजवलं आणि गाडी हलली, तेव्हा म्हातारीच्या तोंडून हुं की चूं निघालं नाही. पाळण्यात निजल्यावानी वाटतंय, असं ती हसून म्हणाली. तिच्या उशाशी कच्च्या करवंदांची पुरचुंडी होती. आळ्याकडं करवंदं मिळत नाहीत आणि भागूला त्यांचं लोणचं फार आवडे. आम्ही मीना नदी ओलांडली, नारायणगावला मुक्काम केला, सकाळी कुकडी पार केली आणि दुपारी आळ्यात शिरलो.

भागूची सून अंजना चाकांचा आवाज ऐकून बाहेर आली. साळुबाईला बघताच तिनं पदर तोंडाला लावला. भागू चार दिवसांपूर्वी गेली होती. शेवटी शेवटी दारावरून कुठलीही गाडी गेली की ती विचारायची, "साळूची गाडी का गं?"

साळुबाई बाजेवर तशीच पडून राहिली. पुरचुंडी तिनं छातीशी धरली. मग ती बोलली.

"सावळा, मला दमणी कुटं पायजे व्हती रे? मला भागूकडं यायचं व्हतं."

सावळाराम चाकापाशी खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याचा हात माझ्यावरच होता. मी लोखंडाची, मला रडता येत नाही. पण मला तेव्हा कळलं की ही बाज पहिल्या दिवशीही टांगता आली असती. दोर घरात होता, बाज घरात होती. आम्ही सगळे दमणी परवडेल का, याच विचारात गुंतून बसलो होतो. बावीस दिवस मी ऐटीत त्या खिशात पडून होते, आणि तेवढे दिवस साळुबाईच्या वाटेला खीळ बसली होती. ती खीळ मीच होते.

पुढच्या बाजारी सावळारामनं मिस्त्रींना सगळं सांगितलं. त्यानंतर कुणीही दमणी मागायला आलं की खीळ हातात द्यायच्या आधी ते विचारू लागले, कुणाला कुठं न्यायचंय आणि किती दिवसांत? निकड असेल तर आधी गिऱ्हाइकाची जुनीच गाडी नीट करून देत. दमणीचं पुढं बघू म्हणत.

मित्रांनो, त्या जुन्या गाडीत मी तीस वर्षं चाक धरून ठेवलं. आता ती गाडी मोडली आणि मी एका कोनाड्यात पडून आहे. माझं मागणं थोडंच आहे. हौस करा, नवी गाडी घ्या, पण तिला रोज काय घालावं लागेल ते आधी घरातल्यांना विचारा. आणि घरातलं कुणी म्हणालं की मला अमक्याला भेटायचंय, तर नव्या गाडीची वाट बघू नका. दारात जी असेल तिच्याच खिळीला तेलाचं बोट लावा, आणि निघा.